दोघांनी बघेपर्यंत तोंड बंद

परवा मोबाइलवर कुणीतरी यादी टाकली होती. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधले पश्चिमेकडचे सगळ्यात भारी पॉवर फॉरवर्ड, एक ते दहा. खाली ढीगभर लोकांचं भांडण जुंपलेलं. मी चष्मा लावून सगळं वाचलं. एकालाही खेळाची अक्कल नव्हती. नुसते आकडे एकमेकांच्या डोक्यात घालत होते. मला काही राहवलं नाही. मी आपलं मराठीतच लिहिलं, "लेकांनो, पॉवर फॉरवर्ड आकड्यावर जोखायचा नसतो, कोपरावर जोखायचा असतो. मॅच संपल्यावर कोपरं सोललेली दिसली पाहिजेत." कुणीतरी त्याच्याखाली हसरं तोंड डकवलं. बस्स. संध्याकाळपर्यंत मी दहादा उघडून बघितलं, दुसरं काही आलं नाही.

आणि ते वाक्य तरी माझं कुठं होतं? ज्या माणसाशी मी तीस वर्षं भांडलो, त्याचं होतं. तीस वर्षं मी त्या वाक्याच्या विरुद्ध घसा फोडला. आता त्याचीच बाजू घेऊन मी परक्या लोकांशी भांडतोय, कारण ती घ्यायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

जरा इस्कटून सांगतो. बास्केटबॉलमध्ये एका बाजूनं पाच जण खेळतात आणि प्रत्येकाच्या जागेला नंबर असतो. पॉवर फॉरवर्ड म्हणजे चार नंबर. बास्केटखाली धक्के खायचे, हुकलेला चेंडू उडी मारून धरायचा, आपल्या नेमबाजाला वाट करून द्यायला मध्ये आडवं उभं राहायचं, हे त्याचं काम. वरातीत घोड्यावर दुसरा बसणार, ह्यानं गर्दी हटवायची. आणि त्या लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आम्हा दोघांचे लाडके संघ पश्चिमेतले. भांडायला तेवढं रान आम्हाला पुष्कळ होतं.

कोल्हापूर हे फुटबॉलचं आणि कुस्तीचं गाव. इथं फुटबॉलवरून पेठापेठांत वैर चालतं आणि कुस्तीच्या डावावर शाळेतली पोरंसुद्धा मत देतात. बास्केटबॉल म्हटलं की लोक विचारणार, "ते टोपलीतलं व्हय?" त्यामुळं ह्या विषयावर माझ्याशी बोलणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता, आणि तोही गावातला नव्हता. तो जयसिंगपूरचा. शेतीच्या पंपांचं आणि पाइपांचं दुकान कोल्हापुरात, घर तिकडं. सकाळी यायचा, संध्याकाळी परत. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. "सुम्निर!" म्हणून ओरडायचा माझ्यावर. सुम्निर म्हणजे गप बस.

मी कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक होतो, आता रिटायर झालोय. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली, ती नात शाळेत जायला लागली तरी तिकडंच आहे. आमच्यात काही बिनसलेलं नाही, तिची तिथं गरज आहे एवढंच. मला दुपारी डबा येतो. रात्री त्यातलंच उरलेलं खातो. दिवसभरात मी तोंडानं जे काही बोलायचो, ते सगळं संध्याकाळी सहा ते सातमध्ये, म्हशींच्या कट्ट्यावर.

आमच्याकडं गवळी संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून देतात. तो पेला हातात घेऊन, ओठावर फेस तसाच ठेवून आम्ही भांडायचो. लीगमधले खेळाडू येत गेले, म्हातारे होत गेले, आमचं भांडण तेच. शेवटची पाच-सहा वर्षं दोनच गडी होते. माझा एक, त्याचा एक. माझ्याला तो बगळा म्हणायचा, त्याच्याला मी रेडा.

"तुझा बगळा," तो सुरू करायचा, "लांब उभा ऱ्हातोय आणि तिथनं चेंडू फेकतोय. अंगाला घाम नको, कुणाचा धक्का नको. ह्याला चार नंबर म्हणत्यात? कारकून हाय त्यो."

"अरे पण चेंडू पडतोय की बास्केटात! त्याला धरायला समोरचा धिप्पाड गडी बाहेर येतोय, मधलं रान मोकळं हुतंय. त्याला डोकं लागतंय."

"आणि हुकला की? खाली उडी कोन मारनार? तू?"

"तुझ्या रेड्याला फ्री थ्रो टाकाय येत न्हाय. म्होरं कोन नसताना चेंडू पडत न्हाय त्याचा. लाज आनतोय."

"मग रेड्यानं काय वेद म्हणायचे? ओढतोय न्हवं? तेवढं बघ."

एकदा शेजारी दूध पीत उभा असलेला एक परका माणूस बराच वेळ ऐकत होता. शेवटी पेला ठेवून म्हणाला, "पावणं, भाऊबंदकी वाईट. पश्चिमेकडचं एकानं घ्या, पूर्वेकडचं एकानं, आणि मिटवा." त्याला वाटलं, आमचं शेताच्या वाटणीवरून चाललंय. गवळी मात्र आम्हाला ओळखून होता. तो धार काढता काढता म्हणायचा, "म्हस घेताना शिंगं बघू नये, कास बघावी. दोघातलं दूध कोन देतंय, तेवढं सांगा की." आम्ही दोघं एकदम ओरडायचो, "माझा!"

हसण्यावारी नेलं तरी आतली गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. शिकत असताना आम्ही दोघं एकाच कॉलेजच्या संघात होतो आणि चार नंबर मी होतो. तो माझ्या बदलीचा. दोन वर्षं बाकावर बसून काढली त्यानं. सरावाला त्याच्याइतक्या उड्या कुणी मारल्या नसतील, कोपरं कायम सोललेली. पण मी उंच होतो, लांबून माझा नेम बसायचा, बघायला बरा दिसायचो. सरांनी मला घेतलं. त्यानं त्यावरून कधी चकार शब्द काढला नाही. फक्त तीस वर्षं रोज संध्याकाळी मला सांगत राहिला की चार नंबर कसा असावा. आणि मीही कधी हार मानली नाही, कारण रेडा भारी म्हटलं असतं तर बाकावर कोण बसायला हवं होतं, तेही कबूल करावं लागलं असतं.

आमचा एक नियम होता, तो सांगायलाच पाहिजे. अमेरिकेतली मॅच आपल्याकडं सकाळी असते. मी उजाडता उजाडता उठून थेट बघायचो. त्याला दुकान, प्रवास, घरची कामं. तो नंतर मोबाइलवर अख्खी मॅच लावून बघायचा. फार वर्षांपूर्वी मी एकदा न राहवून त्याला फोन करून निकाल सांगून टाकला. पंधरा दिवस बोलला नाही गडी. गवळ्याला सांगायचा, "ह्याला सांगा, बाजूला उभा ऱ्हा म्हणावं." तेव्हा ठरलं, दोघांनी बघेपर्यंत तोंड बंद. फोन नाही, मेसेज नाही, समोरही यायचं नाही. समोर यायचं नाही हे कलम खास माझ्यासाठी. त्याचं म्हणणं, माझं तोंड म्हणजे फळा, कोण जिंकलं ते रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. त्यानं बघितलं की त्यानं फोन करायचा, मग कट्टा.

गेल्या उन्हाळ्यात आक्रीत घडलं. पश्चिमेच्या अंतिम फेरीत बगळ्याचा संघ आणि रेड्याचा संघ समोरासमोर आले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पहिल्यांदा चार मॅच जिंकणारा पुढं जाणार.

"आता हाय न्हाय त्याचा निकाल लागू दे," तो कट्ट्यावर म्हणाला. "ज्याचा गडी हरंल, त्यानं हितं उभं ऱ्हाऊन म्हणायचं, तुझा चार नंबर भारी, माझा न्हाय. मोठ्यांदा. म्हशीनं मान वळवून बघितलं पायजे."

"तू घसा साफ करून ठेव," मी म्हणालो.

सहा मॅच झाल्या, तीन-तीन. सातवी सोमवारी सकाळी. नेमकं रविवारी चिक्कोडीला त्याच्या भाचीचं लग्न. शनिवारी कट्ट्यावर मला बोट दाखवून म्हणाला, "लग्न आटपून आलो की बघतो. एखादा दिवस मागं-म्होरं हुईल. तवर तोंड शिवून घरात बस." त्याची बस आली. धावत जाऊन चढला, साठी उलटलेला माणूस.

सोमवारची मॅच मी एकट्यानं बघितली. शेवटच्या मिनिटाला बगळ्याचा संघ एका गुणानं पुढं होता. समोरच्यांचा नेम हुकला, चेंडू कड्यावर आपटून वर गेला आणि खाली बगळा आणि रेडा, दोघंच. बगळ्याचे हात रेड्यापेक्षा वीतभर लांब. पण तो चेंडूकडं बघत उभा राहिला. रेड्यानं पाठीनं त्याला सरकवला, उडी मारली, दोन्ही हातांनी चेंडू धरला आणि तसाच आत घातला. मग बगळ्यानं लांबून शेवटचा नेम धरला, तो हुकला. संपलं.

मी टीव्ही बंद केला. मला हरल्याचं दुःख नव्हतं. पुढं काय, ह्याची धास्ती होती. ते वाक्य मला म्हणावं लागणार होतं, मोठ्यांदा. म्हणायला काय जातंय, असं तुम्ही म्हणाल. पण एवढ्या वर्षांनी ते म्हणणं म्हणजे बाकावरच्या त्या दोन वर्षांची माफी मागणं होतं, आणि आमच्यात माफी मागायची पद्धतच नाही. आमच्याकडं चूक झाली तर दुसऱ्या दिवशी येऊन दोन शिव्या द्यायच्या आणि दुधाचा पेला पुढं करायचा. तेवढ्यात भागतं. ह्या वेळी तेवढ्यात भागणार नव्हतं.

सोमवारी त्याचा फोन आला नाही. मंगळवारीही नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नियम होताच की. त्यानं बघितली नसेल, लग्नघरात अडकला असेल, मी कसा फोन करणार? मंगळवारभर मी पळवाटा शोधत होतो. बगळ्याचा घोटा दुखत होता म्हणावं. पंचानं रेड्याचा तो धक्का चालवून घ्यायला नको होता म्हणावं. आरशासमोर दाढी करताना मी चक्क मोठ्यानं बोलून बघितलं, "एका चेंडूवर काय ठरतंय व्हय?" माझाच आवाज घरात मला परका वाटला.

बुधवारी त्याच्या दुकानावरून गेलो. शटर बंद. शेजारच्या दुकानात विचारता आलं असतं. अहो, नुसतं विचारायचं होतं. पण म्हटलं, नको, तो आत हिशेबाला बसलेला असला आणि बाहेर आला तर? माझं थोबाड बघून ओळखेल. शिवाय ओळखलं तर आजच म्हणावं लागेल. मी मान खाली घालून पलीकडच्या बाजूनं निघून आलो. संध्याकाळी कट्ट्यावरसुद्धा गेलो नाही. गुरुवारी मला राग यायला लागला. म्हटलं, लेकानं मॅच बघितली असणार, जिंकलाय म्हणून भाव खातोय, मला लोळवायला वेळ घेतोय. खा म्हटलं. मीही फोन करणार नाही.

शुक्रवारी सकाळी त्याच्या नंबरवरून फोन आला. मी लगेच उचलला नाही. दोन घंटा वाजू दिल्या, खाकरलो आणि दमात म्हणालो, "काय, बघितलीस का एकदाची?"

पलीकडून त्याचा मुलगा बोलला. "काका, मी बोलतोय. बाबा गेले. आज पहाटं. दुपारी नेणार हाय."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. एसटीत मला जागा मिळाली होती हे आठवतं, कारण कंडक्टर दोनदा म्हणाला, "आजोबा, शीट रिकामं हाय, बसा की," आणि मी उभाच होतो.

त्यांच्यात दहन नसतं, बसवून समाधी देतात. दारात मांडव घातला होता आणि मध्ये तो मांडी घालून बसलेला. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मागं टेकू दिलेला. मी फार जवळ गेलो नाही. चार दिवस ज्या माणसाला तोंड दाखवायचं टाळलं, त्याच्यासमोर आता कुठलं तोंड घेऊन उभा राहू? कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, तिथं बसलो. आजूबाजूला सगळे कन्नडमध्ये बोलत होते. मला त्यातलं अर्धं कळत होतं. तो किती कामसू होता, भाचीच्या लग्नाला कसा राबला, असं काहीबाही. बास्केटबॉलचं कुणीच काढलं नाही. त्या मांडवात कुणालाच माहीत नसावं.

थोड्या वेळानं मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. दुकान आता तोच बघणार. डोळे सुजलेले, तरी आल्यागेल्याकडं लक्ष होतं. त्यानं सगळं सांगितलं. रविवारी लग्नातच छातीत कळ आली. तसंच मिरजेला आणून दवाखान्यात ठेवलं. मंगळवारी जरा आराम पडला.

"बुधवारी चांगले बोलत हुते, काका," तो म्हणाला. "मी म्हटलं, काकांना फोन लावतो, येऊन बसतील. तर माझा हात धरला. लावू नको म्हटले. माझी मॅच बघायची ऱ्हायल्या. डॉक्टर मोबाइल देत न्हाईत. त्यो दारात आला की त्याच्या थोबाडावर निकाल दिसतोय. घरी गेलो की आधी मॅच बघतो, मग त्याला बोलीव. त्याला मोठ्यांदा काय तरी बोलायचं हाय, ते ऐकायचं हाय मला, असं म्हटले. लई हसत हुते."

मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. बुधवारी. मी मान खाली घालून त्याच्या दुकानावरून चाललो होतो तेव्हा तो तिकडं पलंगावर पडून माझ्या त्या वाक्याची वाट बघत होता. जिंकणार ह्याची त्याला खात्रीच होती. आणि एकदा बोलावलं असतं तर मी तासाभरात मिरजेला पोचलो असतो. किंवा मी एक फोन केला असता तर. नियम त्यानं खेळासाठी पाळला. मी त्याच्या आड लपून बसलो. ही लाज माझी मलाच माहीत आहे, आणि ती कशानंही जात नाही.

दुपारी नेलं. खड्ड्यात उतरवून बसवलं, बेलाची पानं वाहिली. माझी पाळी आली तेव्हा मी मूठभर माती घेऊन पुढं गेलो. ते वाक्य आता म्हणावं असं मनात होतं. पण भोवती माणसं होती, मंत्र चालला होता, मागच्या माणसानं दंडाला हलकंच ढकललं. माती टाकून मी बाजूला झालो.

सगळं आटपल्यावर नळावर हातपाय धुवायला गर्दी झाली. मुलगा माझ्याकडं आला. सांगू का नको, असं त्याच्या तोंडावर होतं. मग म्हणाला, "काका, एक इचारायचं हुतं. ती मॅच कोन जिंकलं? बाबा सारखं म्हणत हुते. मला त्यातलं काय कळत न्हाय."

"तुझ्या बाबाचा गडी," मी म्हणालो. आणि मग आवाज चढवून, त्या गर्दीत, एकदाचं म्हणून टाकलं. "त्याचा चार नंबर भारी हुता. माझा न्हाय. पहिल्यापासनंच न्हवता."

दोघा-तिघांनी वळून बघितलं. मुलानं मान डोलावली.

"बरं," तो म्हणाला. मग माझ्या पाठीमागं कुणीतरी आत्ताच गाडीतून उतरलेलं त्याला दिसलं, आणि तो हात जोडून त्या पावण्यांकडं गेला.